मुलाचं वाचन, धडपड आणि व्हिजन थेरपी : सोलापूरच्या पालकांचे नेहमीचे प्रश्न

मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे. सोलापुरात लहान मुलांचे डोळे तपासते आणि ज्यांना गरज आहे त्यांच्याकडून डोळ्यांचे व्यायामही करून घेते. पहिली घटक चाचणी झाली की पालकांची रीघ लागते. कुणाच्या हातात तपासलेले पेपर, कुणाच्या वहीत बाईंनी लिहिलेला शेरा, आणि बहुतेकांच्या मोबाईलवर कुणीतरी पाठवलेला व्हिडिओ : डोळ्यांचे व्यायाम करा, मूल अभ्यासात पुढे जाईल. त्या गर्दीत प्रत्येकाला निवांत समजावणं जमत नाही. अर्धवट सांगितलं तर आईबाप भलत्याच गोष्टीवर पैसे घालवतात, आणि त्याहून वाईट म्हणजे मुलाची वर्षं घालवतात. म्हणून इथे सविस्तर लिहिते आहे.

व्हिजन थेरपी म्हणजे नेमकं काय?

डोळे दोन असले तरी चित्र एकच दिसायला हवं. पुस्तक जवळ घेतलं की दोन्ही डोळे थोडे नाकाकडे वळतात, आतलं भिंग फुगून जवळच्या अंतराशी जुळवून घेतं, आणि ओळ संपली की दोघं बरोबरीनं पुढच्या ओळीच्या सुरुवातीला जातात. औताला जुंपलेल्या बैलजोडीसारखं आहे हे. एक बैल मागे रेंगाळला तरी औत चालतं, पण तास वाकडा जातो आणि दुसरा बैल लवकर दमतो. हे वळणं, जुळवून घेणं आणि जोडीनं काम करणं सरावानं सुधारावं म्हणून तपासणीनंतर ठरवून दिलेले व्यायाम म्हणजे व्हिजन थेरपी. मणी ओवलेली दोरी, प्रिझम, भिंगं बसवलेला फ्लिपर, लाल-हिरवा चष्मा ही त्याची साधनं.

ही कल्पना जुनी आहे. एकोणिसाव्या शतकात फ्रान्समधले नेत्रवैद्य एमिल जावाल यांनी तिरळेपणासाठी असे व्यायाम बसवले. आज मात्र त्याच नावाखाली बरंच काही खपवलं जातं. काही व्यायामांमागे भक्कम पुरावा आहे, काहींमागे अगदी थोडा, आणि काही दाव्यांमागे काहीच नाही. ती चाळणी कशी लावायची हे पुढच्या उत्तरांमध्ये येईल.

आमचा मुलगा तक्त्यावरची शेवटची ओळ वाचतो. म्हणजे डोळे ठीकच ना?

लांबचं ठीक आहे, एवढंच त्यावरून कळतं. तक्ता ६ मीटरवर असतो आणि वही ३०-३५ सेंटीमीटरवर. ६/६, म्हणजे लांबचं व्यवस्थित, वाचणाऱ्या मुलाचे डोळे जवळच्या कामाला अर्ध्या तासात थकू शकतात. दुसरी गोष्ट लपलेल्या प्लस नंबरची. लहान मुलाच्या डोळ्यातलं भिंग इतकं लवचिक असतं की बराचसा प्लस नंबर ते ताण देऊन झाकून टाकतं. तक्त्यावर सगळं वाचतं, आणि घरी गृहपाठाला बसलं की डोकं धरतं. म्हणून मुलांचा नंबर डोळ्यांत थेंब घालूनच काढायचा असतो. नुसत्या मशीनवर काढलेला नंबर मुलांच्या बाबतीत पुष्कळदा फसवा निघतो.

घरात कशावरून ओळखायचं?

“वाचायला बसलं की डोळे चोळतंय बघा मॅडम,” असं एक आजी सांगत होत्या. नातवाच्या अडचणीचं इतकं नेमकं वर्णन मी वैद्यकीय अहवालातही क्वचित वाचलं आहे. वाचायला घेतल्यावर दहा-पंधरा मिनिटांत कपाळ दुखणं, अक्षरं हलताहेत किंवा दोन-दोन दिसताहेत असं सांगणं, एक डोळा झाकून किंवा मान तिरकी करून वाचणं, ओळ सुटणं, तीच ओळ पुन्हा वाचणं, बोट ठेवल्याशिवाय पुढे न सरकणं, या खुणा लक्षात ठेवा.

यात एक मेख आहे. दोन-दोन दिसतं हे मूल आपणहून सांगत नाही, कारण सगळ्यांना असंच दिसतं अशी त्याची समजूत असते. त्याला मुद्दाम विचारावं लागतं, आणि तेही खेळीमेळीनं.

आणखी एक पारख घरच्या घरी होते. तोच धडा तुम्ही मोठ्यानं वाचून दाखवा आणि त्यावर प्रश्न विचारा. पटापट उत्तरं आली, तर समज चांगली आहे आणि अडचण कागदावरून अक्षरं उचलण्यात आहे. आता त्याला वाचायला द्या. पहिली पाच मिनिटं छान वाचून मग गाडी घसरत असेल, तर डोळे थकत असण्याची शक्यता जास्त. पहिल्या शब्दापासूनच अडखळत असेल आणि मोठ्या टायपातही तसंच होत असेल, तर गाठ दुसरीकडे आहे. हे निदान नव्हे, पण तपासायला आलात की मला हे नक्की सांगा. त्यावरून माझं निम्मं काम होतं.

व्यायामांनी खरंच फरक पडतो का?

एका तक्रारीत नक्की पडतो. जवळचं बघताना डोळे पुरेसे आत वळत नाहीत, तिला कन्व्हर्जन्स इन्सफिशियन्सी म्हणतात. सोप्या मराठीत, डोळ्यांची जवळची जुळणी कमी पडणं. अमेरिकेत ९ ते १७ वर्षांच्या २२१ मुलांवर यासाठी मोठी चाचणी झाली आणि तिचे निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. मुलांचे चार गट केले होते. एका गटानं १२ आठवडे, आठवड्यातून तासभर, प्रशिक्षित माणसासमोर व्यायाम केले आणि घरीही थोडा सराव केला. त्यातली ७३ टक्के मुलं बरी झाली किंवा सुधारली. घरी नुसती पेन्सिल नाकाजवळ आणण्याचा व्यायाम करणाऱ्यांत हे प्रमाण ४३ टक्के होतं, आणि घरच्या कॉम्प्युटरवर व्यायाम करून त्याला पेन्सिलची जोड देणाऱ्यांत ३३ टक्के. चौथ्या गटाला दवाखान्यात बोलावून खऱ्यासारखे वाटणारे, पण उपयोग नसलेले व्यायाम दिले होते. त्यातलीही ३५ टक्के मुलं सुधारली.

हा शेवटचा आकडा मला फार महत्त्वाचा वाटतो. कुणीतरी दर आठवड्याला मुलाकडे तासभर लक्ष देतं, शाबासकी देतं, आई सोबत बसते. एवढ्यानंच तीनातल्या एका मुलाला बरं वाटू लागतं. म्हणून “शेजारच्यांच्या मुलाला गुण आला” एवढ्यावर कोणत्याही उपचाराची परीक्षा होत नाही.

म्हणजे वाचन आणि मार्क सुधारतील ना?

या प्रश्नासाठीच मी खरं तर हे सगळं लिहायला बसले.

त्याच तक्रारीच्या ९ ते १४ वर्षांच्या तीनशेहून जास्त मुलांवर नंतर दुसरी चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २०१९ मध्ये आले. १६ आठवडे व्यायाम केल्यावर डोळ्यांची जुळणी चांगली सुधारली. वाचून समजण्याची कसोटी घेतली तेव्हा मात्र खरे व्यायाम केलेला गट आणि लुटुपुटीचे व्यायाम केलेला गट यांच्यात फरक दिसला नाही. दोन्ही गट सारखेच थोडे पुढे गेले होते. डोळे बरे झाले, म्हणून वाचन आपोआप वर आलं नाही.

हे मी व्यायाम देणारी बाईच सांगते आहे, कारण माझ्या पहिल्या वर्षांत मी हे पालकांना पुरेसं स्पष्ट सांगत नव्हते. डोकेदुखी गेली, ओळ सुटणं थांबलं, की मलाही वाटायचं आता वाचन मागोमाग येईल. काही मुलांचं आलं. ज्यांना वाचता येत होतं, फक्त दुखण्यामुळे नकोसं झालं होतं, ती ही मुलं होती. बाकीच्यांचं एक अख्खं शैक्षणिक वर्ष माझ्या दोरी-मण्यांत गेलं, आणि त्यांना जे शिकवायला हवं होतं ते कुणी शिकवलंच नाही. ते वर्ष मी त्यांना परत देऊ शकत नाही.

डिस्लेक्सिया, म्हणजे वाचनाची अध्ययन अक्षमता, हा डोळ्यांचा आजार नाही. बोललेल्या शब्दातले आवाज सुटे करणं आणि ते अक्षरांशी पटकन जोडणं हे काम मेंदूत अवघड जातं. १८९६ मध्ये इंग्लंडमधले डॉक्टर प्रिंगल मॉर्गन यांनी अशा एका १४ वर्षांच्या मुलाची हकिगत प्रसिद्ध केली होती. मुलगा तल्लख, नजर चांगली, पण वाचता येईना. सगळं शिक्षण तोंडी असतं तर हा शाळेत सर्वांत हुशार ठरला असता, असं त्याच्या शिक्षकांचं मत होतं. असं मूल आजही आपल्या प्रत्येक शाळेत कुठल्या ना कुठल्या बाकावर बसलेलं आहे. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या आणि नेत्रतज्ज्ञांच्या संघटनांनी २००९ मध्ये एकत्र निवेदन काढून सांगितलं, की अध्ययन अक्षमतेवर डोळ्यांचे व्यायाम, खास चष्मे किंवा रंगीत काचा उपयोगी पडतात याला शास्त्रीय पुरावा नाही. त्यावर उपाय एकच, आवाज आणि अक्षर यांची सांगड पायरीपायरीनं, रोज, धीरानं शिकवणं.

पण वाचताना त्याचे डोळे सारखे मागेपुढे होतात, आम्ही बघितलंय.

होतात. प्रश्न एवढाच की कारण कोणतं आणि परिणाम कोणता.

सराईत माणूस वाचतो तेव्हाही डोळा ओळीवरून सलग सरकत नाही. तो साधारण पाव सेकंद थांबतो, उडी मारतो, पुन्हा थांबतो. आता तुम्ही स्वतःवर एक प्रयोग करा. सोलापुरात कन्नड समजणारे घरोघरी आहेत, पण लिपी न येणारेही तितकेच. अशा माणसानं अक्षरओळख शिकून विजापूरकडे जाणाऱ्या एखाद्या एसटीवरची कन्नड पाटी वाचायला घ्यावी. डोळा प्रत्येक अक्षरावर अडेल, मागे जाईल, पुन्हा पुढे येईल. डोळे बिघडलेले नसतात, अक्षर ओळखायला वेळ लागत असतो. डिस्लेक्सिया असलेल्या मुलाचे डोळे त्याच कारणानं अडखळतात. डोळ्यांना उड्या मारायचा सराव दिला म्हणून अक्षर ओळखता येत नाही.

‘घ’ आणि ‘ध’ मध्ये गोंधळ होतो, इंग्रजीतलं बी-डी उलटं लिहितो. त्याला उलटं दिसतं का?

नाही, त्याला तुमच्या-माझ्यासारखंच दिसतं. पेल्याचा कान उजवीकडे असो की डावीकडे, पेला तो पेलाच, हे मेंदू बाळपणीच शिकलेला असतो. अक्षरांच्या बाबतीत हा नियम त्याला मोडावा लागतो, आणि त्याला वेळ लागतो. सहा-सात वर्षांपर्यंत बी-डी उलटं होणं सर्रास दिसतं.

देवनागरीची अडचण निराळी आहे. आरशातल्या जोड्या कमी, पण चुलत भावंडं फार : घ-ध, भ-म, थ-य, ब-व, प-ष, ट-ठ-ढ. वर मात्रा, खाली उकार, बाजूला काना. ‘कि’ची वेलांटी ऐकू नंतर येते पण काढायची आधी. जोडाक्षरांचं तर विचारूच नका. दुसरीपर्यंत यात चुका होणं स्वाभाविक आहे. तिसरीतही तशाच भरपूर चुका होत असतील, तर तीन गोष्टी क्रमानं बघायच्या. आधी नंबर, कारण लक्षात न आलेल्या नंबरामुळे घ-धमधली बारीक गाठ पुसट होते. मग डोळ्यांची जवळची जुळणी. दोन्ही ठीक असेल तर वाचनाची चाचणी. क्रम सांगितला, पण एकेका पायरीवर सहा-सहा महिने घालवू नका. सगळं मिळून महिन्याभरात व्हायला हवं.

आमच्या घरी तेलुगू बोलतात आणि शाळा मराठी. त्यामुळे असं होत असेल का?

शहराच्या पूर्व भागातून येणाऱ्या पालकांचा हा हमखास प्रश्न, आणि अगदी रास्त प्रश्न. सोलापुरातलं मूल घरी तेलुगू, गल्लीत दखनी किंवा कन्नड, शाळेत मराठी आणि शिकवणीत इंग्रजी अशा चार भाषांत वावरतं. दोन-तीन भाषांमुळे अध्ययन अक्षमता होत नाही. पण ज्या भाषेतले शब्दच ओळखीचे नाहीत त्या भाषेतलं वाचन सावकाशच होणार. वाचलेला शब्द बरोबर आला की नाही हे पडताळायला तो शब्द आधी कानावरून गेलेला लागतो.

म्हणून मी विचारते, घरच्या भाषेत गोष्ट नीट सांगतो का? यमक जुळवतो का? चुलत भाऊ-बहिणी त्याच शाळेत, तशाच घरातून येऊन वाचायला शिकल्या का? त्या शिकल्या आणि हाच मागे राहिला, तर भाषेवर ढकलून थांबू नका. इंग्रजी माध्यमातल्या मुलाची चाचणी फक्त इंग्रजीतून झाली असेल, तर घरच्या भाषेतही करायला सांगा.

मुलगी सारखी धडपडते, चेंडू झेलता येत नाही, बटणं लावायला वेळ लागतो. हे डोळ्यांमुळे आहे?

काही वेळा. दोन्ही डोळे मिळून बघत नसतील तर खोलीचा अंदाज कच्चा राहतो. चेंडू हातावर येण्याऐवजी तोंडावर येतो, जिन्याची शेवटची पायरी चुकते, पाणी ओतताना पेल्याबाहेर जातं. तिरळेपणा, आळशी डोळा (लहानपणी एका डोळ्याची नजर नीट न वाढणं) आणि दोन डोळ्यांच्या नंबरात मोठा फरक या तीन गोष्टी आधी तपासायच्या.

पण बटण लावणं, नाडी बांधणं, कंपास धरणं, सायकल शिकणं, दोरीवरच्या उड्या, सगळ्यातच ती वयाच्या मानानं मागे असेल, तर ही हालचालींच्या समन्वयाची विकासात्मक अडचण असू शकते. शाळकरी वयात साधारण ५ ते ६ टक्के मुलांत ती आढळते, म्हणजे पन्नास मुलांच्या वर्गात दोन-तीन. घरात त्यांना वेंधळी, आळशी, ‘लक्षच नसतं’ असं ऐकावं लागतं. त्यांचं लक्ष असतं. आपल्याला जे विचार न करता जमतं त्यासाठी त्यांना विचार करावा लागतो, आणि ती दुपारपर्यंत दमून जातात.

यावर डोळ्यांचे व्यायाम हा उपाय नाही. ऑक्युपेशनल थेरपिस्टकडे, म्हणजे रोजची कामं जमवायला शिकवणाऱ्या तज्ज्ञाकडे जा. जे काम जमत नाही तेच काम सोपे तुकडे पाडून शिकवणं, याचा उपयोग सर्वांत जास्त होतो. बटण लावायचं असेल तर बटणाचाच सराव. तोल सांभाळायच्या फळीवर उभं करून चेंडू फेकत राहिलं, तर मूल फळीवर उभं राहायला तरबेज होतं. ते पोलकं घालायला शिकत नाही.

एका खुणेकडे दुर्लक्ष करू नका. पूर्वी जमत असलेलं आता जमेनासं झालं, जिना चढताना त्रास वाढला, किंवा खाली बसलेलं मूल मांड्यांवर हात टेकत टेकत उठू लागलं, तर थेट बालरोगतज्ज्ञांकडे जा. स्नायूंचा आजार आहे का हे बघावं लागतं.

आळशी डोळ्यासाठी पट्टी लावायला सांगितलीय. व्यायामानं ती टळेल का?

टळणार नाही. आळशी डोळ्यात आधी योग्य चष्मा, आणि गरज पडली तर चांगल्या डोळ्यावर पट्टी किंवा त्याची नजर थोडी पुसट करणारे ॲट्रोपिनचे थेंब. मध्यम प्रमाणातल्या आळशी डोळ्यासाठी रोज २ तास पट्टी आणि ६ तास पट्टी यांत सारखाच गुण येतो, हे २००३ च्या अमेरिकी चाचणीत दिसलं. त्यामुळे शाळेत लावून टिंगल सोसायला लावण्यापेक्षा संध्याकाळी घरी, चित्रं रंगवताना लावा. मात्र किती तास लावायची हे तुमच्या नेत्रतज्ज्ञांनी ठरवायचं.

सात वर्षांच्या आत गुण लवकर येतो. पण “आता वय गेलं” असं ऐकून घरी बसू नका. ७ ते १२ वयातल्या बऱ्याच मुलांना फायदा होतो, आणि आधी कधीच उपचार न झालेल्या त्याहून मोठ्या काही मुलांनाही होतो.

त्राटक, गाजर, डोळे फिरवण्याचे व्यायाम यांनी चष्मा जाईल?

जाणार नाही. मायनस नंबर डोळ्याचा गोल लांबट झाल्यानं येतो, आणि व्यायामानं तो आखूड होत नाही. नंबर येणं लांबवायचं असेल तर मुलाला रोज दीड-दोन तास उजेडात, घराबाहेर खेळू द्या. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात दुपारी कुणीच बाहेर पाठवणार नाही, पण सकाळी साडेसहा ते आठ आणि संध्याकाळी पाचनंतरचा वेळ तर आपलाच आहे. गाजर जरूर खाऊ द्या, पोटासाठी चांगलं असतं.

रंगीत काचांच्या चष्म्यानं अक्षरं स्थिर दिसतात म्हणे.

पुरावा नाही. पैसे वाचवा.

तपासणीत काय काय होतं? थेंबांचा त्रास होतो का?

दूरची आणि जवळची नजर, थेंब घालून नंबर, तिरळेपणा, खोलीची जाण, आणि डोळे जवळ कुठपर्यंत जुळतात हे आम्ही पट्टीनं मोजतो. नाकापासून साधारण ६ सेंटीमीटरच्या आत चित्र एकच राहिलं तर ठीक. नेत्रतज्ज्ञ पडदा आणि नस बघतात. थेंबांनी थोडं चुरचुरतं आणि जवळचं पुसट दिसतं. काही थेंबांचा असर दिवसभरात उतरतो, काहींचा दोन-तीन दिवस राहतो, आणि ॲट्रोपिनचा दहा-पंधरा दिवसही राहू शकतो. तेव्हा चाचणी परीक्षेच्या आदल्या आठवड्यात थेंब घालायला आणू नका. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या, म्हणजे यात्रेच्या दिवसांत बरेच पालक जानेवारीची सुट्टी साधून येतात. विचार चांगला आहे, फक्त त्या संध्याकाळी मुलाला दिवे फार चमकतील, टोपी असू द्या.

किती दिवस करायचे, आणि पॅकेज घ्यावं का?

जवळच्या जुळणीसाठी १२ ते १६ आठवडे, आठवड्याला एक बैठक, आणि घरी आठवड्यातले पाच दिवस पंधरा-पंधरा मिनिटं. घरचा सराव बुडाला तर माझ्याकडची बैठक वाया जाते, हे मी पहिल्याच दिवशी सांगते.

वर्षाचे पैसे आधी घेणाऱ्यांपासून सावध राहा. पैसे भरण्याआधी विचारा : निदान काय आहे, ते कागदावर लिहून द्याल का? आज कोणती मापं आली आणि ती पुन्हा कधी मोजणार? कोणतं माप आलं की व्यायाम थांबवणार? सुधारणा झाली नाही तर पुढे कुणाकडे पाठवणार? या चारांची उत्तरं सरळ मिळाली नाहीत, तर निमूट उठून या. आणि डिस्लेक्सिया, चंचलता, बोबडेपणा, अंथरूण ओलं करणं, सगळ्यांवर एकच उपचार आहे असं कुणी सांगितलं, तर पहिला प्रश्नही विचारू नका.

घरी मोबाईलच्या ॲपवर करता येईल?

निदानाआधी नको. डोळे आत कमी वळणाऱ्याला जो व्यायाम लागू पडतो, तोच डोळे जास्त वळणाऱ्या मुलाला अपाय करू शकतो.

सोलापुरात सुरुवात कुठून करायची?

नेत्रतज्ज्ञांपासून. सिव्हिलमध्ये, म्हणजे डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, नेत्रविभाग आणि बालरोग विभाग एकाच आवारात आहेत. बार्शी, अक्कलकोट, मंगळवेढ्याहून येणाऱ्यांनी दोन्हीकडचे कागद एकाच फेरीत होतात का ते बघावं, रोजगार बुडवून तीनदा येणं सोपं नाही.

शाळेत आणि अंगणवाडीत येणाऱ्या आरोग्य पथकाकडे दुर्लक्ष करू नका. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते, आणि त्या यादीत नजरेचा दोष, हालचालींतला विलंब आणि अध्ययनाची अडचण तिन्ही आहेत. पथकानं चिठ्ठी दिली तर ती दप्तराच्या तळाशी राहू देऊ नका. गेल्या वर्षी एका यंत्रमाग कामगाराच्या घरची चिठ्ठी सात महिन्यांनी सापडली, तीही वह्यांची रद्दी काढताना. तोवर मुलीचा उजवा डोळा तक्त्यावर तीन ओळी मागे गेला होता.

वाचनाची चाचणी मानसतज्ज्ञ किंवा विशेष शिक्षक घेतात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे. प्रमाणपत्र मिळालं तर दहावी-बारावीला जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात. प्रमाणपत्रासाठी धावपळ नववीत सुरू होते, ती चौथी-पाचवीत व्हायला हवी. माझ्या व्यायामांच्या फाईलवर मात्र ही सवलत मिळत नाही, हे आधीच सांगून ठेवते.

नातेवाईक म्हणतात, मुलगा मतिमंद ठरेल, कशाला तपासता.

अध्ययन अक्षमता आणि बुद्धी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चाचणी न केल्यानं अडचण जात नाही, फक्त तिला ‘ढ’ हे नाव पडतं. ते नाव मुलं स्वतःला मनातल्या मनात लावून घेतात. आठ वर्षांच्या मुलानं मला “मी ढ आहे, मला विचारू नका” असं सांगितलेलं मी विसरलेले नाही.

शाळेत काय सांगायचं?

फार मागू नका, नेमकं मागा. पुढचा बाक. फळ्यावरचं उतरवून घेण्याऐवजी छापील कागद, किंवा शेजारच्याची वही. मोठ्यानं वाचायला एकदम सगळ्या वर्गासमोर उभं न करणं. ओळीखाली पट्टी ठेवायची परवानगी. वाचनाची अडचण असेल तर तोंडी उत्तर ग्राह्य धरणं. बाईंना भेटायला मुलाला सोबत न नेता जा. बहुतेक शिक्षक मदत करतात. एका वर्गात पन्नास मुलं सांभाळणाऱ्या माणसाला आपण कागदावर चार ओळी लिहून दिल्या तर त्यालाही सोपं जातं.

ताबडतोब कधी धावायचं?

डोळा अचानक तिरळा झाला, अचानक दोन-दोन दिसू लागलं, सकाळी उठल्यावर डोकेदुखी आणि उलटी होऊ लागली, किंवा फोटोत एका डोळ्याची बाहुली पांढरी दिसली, तर त्याच दिवशी. यात व्यायाम, वाट बघणं, काही नाही.

मुलगा सातवीत आहे. उशीर झाला का?

जवळच्या जुळणीला अजिबात नाही. वर सांगितलेल्या चाचण्यांतली मुलं याच वयाची होती. वाचन शिकवायलाही उशीर झालेला नाही, फक्त जास्त चिकाटी लागेल, आणि त्याला पहिलीचं पुस्तक देऊन लाजवू नका. क्रिकेट आवडत असेल तर खेळाच्या पानावरची बातमी द्या. रोज वीस मिनिटं, एक परिच्छेद तुम्ही, एक तो. येताना शाळेच्या दोन वह्या आणा, एक जूनमधली आणि एक आत्ताची. पानाच्या वरच्या ओळी आणि खालच्या ओळी ताडून बघितल्या की तपासणीच्या खुर्चीत बसण्याआधीच बरंच कळतं.